लेक त्रास देत नाही, पण हसते

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या स्कूलव्हॅनमध्ये जूनपासून एक नवी मुलगी येते. वडिलांच्या बदलीमुळे ते लोक धुळ्याहून इकडे आलेत. तिची भाषा जरा गावंढळ आहे, 'पाणी'ला 'पानी' म्हणते. ती चढली की मागच्या सीटवरची दोन मुलं 'पानी आनलं का, लोनी आनलं का' सुरू करतात आणि सगळी व्हॅन हसते. हल्ली तिला बसायला जागा देत नाहीत, तिचं दप्तर इकडून तिकडे फेकतात. माझी मुलगी काही करत नाही, पण हसते. हे तिनंच सांगितलं. तिला मध्ये पडायला सांगू का? मिस्टर म्हणतात, नसत्या भानगडीत पडू नको, उद्या तुझ्यावरच येईल.
— एक आई, सातारा

उत्तर : मुलीनं आपणहून सांगितलं, म्हणजे तिला ते खुपतंय. 'मग तू का हसलीस?' म्हणून दटावू नका, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

ही मस्करी की छळ, हे आधी तिचं तिला ओळखू द्या. मी शिकवत होते तेव्हा पोरांना विचारायचे : जिच्यावर विनोद चाललाय ती हसतेय का? रोज तीच का? ती उलट बोलली तर तिच्या बाजूनं कोण आहे? नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनीही हेच धरलं होतं : त्रास मुद्दाम दिलेला, पुन्हा पुन्हा दिलेला, आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसलेली. तुमच्या व्हॅनमध्ये तिन्ही आहेत.

आता हसण्याचं. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टीना साल्मिव्हाली यांनी बघ्या मुलांचाच अभ्यास केला. कोणी छळणाऱ्याला साथ देतं, कोणी हसून त्याला चेव आणतं, कोणी मान फिरवतं, कोणी पाठीशी उभं राहतं. त्यातून छळ रोखण्याचा 'किवा' हा उपक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो तिथल्या शाळाशाळांत गेला. त्याचा मोठा भर बघ्यांवर आहे. मागच्या सीटवरची ती दोन मुलं व्हॅनसाठीच बोलतात. व्हॅन हसली नाही तर रंगणार काय?

म्हणून मुलीला भांडायला पाठवू नका. दोन मोठ्या मुलांशी तिनं एकटीनं का भिडावं? हसू नको, एवढं सांगा. मग शेजारचं दप्तर मांडीवर घेऊन म्हणायचं, 'ये गं, इथं बस.' हे सोपं वाटतं, पण सगळ्यांदेखत तोंडातून फुटत नाही. घरी चार वेळा म्हणवून घ्या. तेही जमलं नाही तर उतरल्यावर तिच्याबरोबर वर्गापर्यंत चालत जायचं. ते पुष्कळ झालं.

मोठ्यांचं काम मोठ्यांनी करायचं. व्हॅनवाल्या काकांना आणि वर्गशिक्षिकेला तुम्ही स्वतः भेटा, कोणत्या दिवशी काय झालं ते लिहून न्या. त्या मुलीच्या आईलाही भेटा. तिला कदाचित काहीच माहीत नसेल. व्हॅनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एक अक्षर टाकू नका. तिथं तासाभरात आयांची भांडणं होतात आणि मूळ मुलगी बाजूला राहते. शाळेनं दाद दिली नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मारहाण किंवा धमकीपर्यंत गेलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, फोन मुलालाही करता येतो.

एक बोलतेच, राग मानू नका. 'गावंढळ' हा शब्द तुमच्या पत्रातला आहे. खानदेशात घराघरांत पानीच म्हणतात, त्यात गावंढळ काही नाही. आम्ही शिक्षकही फळ्यासमोर उभं करून 'ण म्हण, ण' करत मुलांना हसवून घेतो. मागच्या सीटवरची मुलं हे कुठून उचलतात?

मिस्टरांची भीती खोटी नाही. रोख तुमच्या मुलीकडे वळू शकतो. म्हणूनच काकांना आणि बाईंना आधी भेटा, तुमची मुलगी त्या नव्या मुलीशेजारी बसण्याच्या आदल्या दिवशी.