संशय, शंका की अविश्वास?

नौपाड्यातल्या एका अनुवादक वाचकाची पृच्छा आहे: भारत-चीन संबंधांवरच्या लेखात ‘मिस्ट्रस्ट’ हा शब्द पानोपानी येतो. त्याला कधी ‘संशय’, कधी ‘अविश्वास’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘सलोखा’ म्हणजे मैत्रीच ना?

दोन्ही ठिकाणी अदलाबदल टाळावी. क्रियापदं लावून पाहा. संशय येतो, आणि माणूस तो घेतोही. शंका येते, विचारता येते, फिटते. ‘मला अविश्वास आला’ असं मात्र कोणी म्हणत नाही. अविश्वास असतो, वाढतो, दाखवला जातो. संशयाला ताजं निमित्त लागतं, अविश्वासामागे साचलेला अनुभव असतो. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत टँकरच्या बिलाचा हिशेब जुळला नाही की सेक्रेटरीचा संशय येतो. पावत्या दाखवल्या की तो फिटतो. असं चारदा झालं की येतो तो अविश्वास ठराव, आणि मग एका बिलाचा खुलासा पुरत नाही.

हेच सीमेवर लावा. प्रत्यक्ष ताबारेषा नेमकी कुठून जाते, ही शंका. रेषेजवळ नवा तंबू दिसला, तर संशय. १९६२ च्या युद्धानंतर उरला तो अविश्वास. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, ती ही अवस्था. १५ जून २०२० ला गलवानमध्ये २० भारतीय जवान शहीद झाले, तेव्हा तो आणखी घट्ट झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमधल्या डेपसांग आणि डेमचोकच्या गस्तीबद्दल समझोता झाला. त्याने काही संशय ओसरले असं लिहिता येईल. ‘अविश्वास संपला’ लिहाल तर अनुवादकाने पदरचं घातल्यासारखं होईल.

आता सलोखा. मैत्रीत आपुलकी गृहीत असते. सलोख्याला भांडण न काढण्याची समजूत पुरते, म्हणून तो मनात अढी असतानाही राखता येतो. शेजाऱ्यांशी आपण सलोख्याने ‘राहतो’, मैत्री ‘करतो’. भारत-चीनच्या १९५४ च्या करारातली पंचशील तत्त्वं वाचा: सार्वभौमत्वाचा परस्पर आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणं, समानता व परस्परहित, शांततामय सहजीवन. पाचांत मैत्री हा शब्दच नाही. मैत्रीचा सूर होता तो ‘हिंदी-चिनी भाई भाई’ या घोषणेत. तो करारही मुळात तिबेटशी होणाऱ्या व्यापार आणि दळणवळणाचा, आठ वर्षांच्या मुदतीचा.

ताबारेषेवरच्या लष्करी हालचालींबद्दलच्या १९९६ च्या भारत-चीन करारातल्या ‘कॉन्फिडन्स बिल्डिंग मेझर्स’साठी ‘विश्वासवर्धक उपाय’ रूढ आहे. मला ‘विश्वासनिर्मिती’ जास्त बरोबर वाटतं, कारण वर्धन आधी असलेल्या गोष्टीचं होतं. आतली कलमं पाहा: ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार नाही, दहा किलोमीटरच्या आत लढाऊ विमानं नाहीत. विश्वास असलेल्या घरात अशी अंतरं मोजावी लागत नाहीत.

या कागदांना ‘तह’ मात्र म्हणू नका. तह लढाईच्या शेवटी होतो आणि त्यात बहुधा मुलूख हातचा जातो. मराठे आणि इंग्रजांमधल्या १७८२ च्या सालबाईच्या तहात ठाण्यासह साष्टी बेट इंग्रजांकडे राहिलं, तो तह. भारत-चीनचे १९९३ आणि १९९६ चे कागद सीमाप्रश्न न सोडवता शांतता राखण्यापुरते आहेत, म्हणून ते करार. तुमच्या लेखात हे दोन्ही शब्द मी असे वापरीन: ‘अविश्वास कायम असतानाही दोन्ही देशांनी सलोखा राखला.’