क्वालिसचा पॉवर स्टिअरिंग होज: क्लिपांचा जोड नको, उद्यमबागेत करून घ्या, पण सांगून

आपला प्रश्न असा, की 2003 सालच्या क्वालिसमधून स्टिअरिंगचे तेल गळते आहे, मूळ होज दुकानात मिळत नाही, खानापुरातले मेस्त्री फुगलेला तुकडा कापून मध्ये नळीचा जोड घालून क्लिपा आवळून देतो म्हणतात, आणि एका परिचितांनी बेळगावात उद्यमबागेत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, ट्रॅक्टरवाल्यांसारखा होज करून घेण्याचे सुचवले आहे. मी बरीच वर्षे हायड्रॉलिक होजच्या कामातच असल्याने थोडे सविस्तर लिहितो. होज करून घेण्याचा मार्ग चांगला आहे, मात्र दुकानात काय सांगायचे हे आधी ठरवून जावे लागेल. क्लिपांचा जोड प्रेशरच्या बाजूला कोणत्याही परिस्थितीत करू नये.

पंपाला दोन होज असतात. एकातून दाबाखालचे तेल स्टिअरिंग बॉक्सकडे जाते आणि दुसऱ्यातून ते टाकीत परत येते. परतीच्या होजमध्ये दाब अगदी थोडा असतो, म्हणून तिथे कारखान्यातूनच क्लिपा लावलेल्या असतात. प्रेशरच्या होजमध्ये गाडी सरळ चालत असताना दाब कमी असला, तरी चाके शेवटपर्यंत वळवली की तो साधारण 70 ते 100 बारपर्यंत चढतो. एवढ्या दाबापुढे पट्टीची क्लिप टिकत नाही. ती गावातल्या रस्त्यांवर आठवडाभर तग धरेल आणि नेमकी कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटातल्या एखाद्या वळणावर, स्टिअरिंग पूर्ण फिरवलेले असताना, निसटेल. तेव्हा स्टिअरिंग तुटत नाही, पण एकाएकी इतके जड होते की तयारीत नसलेल्या माणसाला वळण पूर्ण करणे अवघड जाते. शिवाय उडालेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर आगीचा धोका असतो. आपण कामानिमित्त त्याच रस्त्याने गोव्याला जात असता असे लिहिले आहे, म्हणून हे स्पष्टपणे सांगतो.

खर्च करण्यापूर्वी गळती नक्की कुठे आहे ते पाहा. तेल पाइपावरून ओघळत सर्वांत खालच्या जागी येऊन ठिबकते, त्यामुळे जमिनीवर डाग आहे त्याच्या बरोबर वर दोष असतोच असे नाही. सगळा भाग धुऊन कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा, इंजिन चालू करून कोणालातरी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा आणि ओली रेघ कुठून सुरू होते ते टॉर्चने पाहा. बहुतेक वेळा होज जिथे लोखंडी टोपणात दाबून बसवलेला असतो त्या कडेला तेलाचे बारीक थेंब घामासारखे फुटताना दिसतात आणि तिथले रबर बोटभर लांबीपर्यंत मऊ आणि फुगीर झालेले असते. इंजिन चालू असताना मात्र गळती हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातून सुटलेली दाबाची धार कातडीत शिरू शकते, आणि वरून जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसली तरी आत इजा गंभीर असते. तपासायचेच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा. गळती पंपाच्या शाफ्टच्या सीलमधून किंवा स्टिअरिंग बॉक्समधून निघाली, तर होज बदलून काहीच साधणार नाही.

आता मुख्य गोष्ट. उद्यमबागेत किंवा निपाणी-चिकोडीकडे ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांसाठी जो होज टोकांना लोखंडी टोपणे यंत्राने दाबून बसवून देतात, तो तारेच्या जाळीचा हायड्रॉलिक होज असतो. त्यावर आर-1 किंवा 1 एसएन असे छापलेले असते. तीन अष्टमांश इंची 1 एसएन होजचा कामाचा दाब 180 बार आणि पाव इंचीचा 225 बार असतो, म्हणजे ताकदीचा प्रश्नच नाही. दुहेरी जाळीचा आर-2 घेऊ नका. दुकानदार भल्यासाठीच सुचवतील, पण तो ताठ असल्याने बॉनेटखालच्या अरुंद जागेत नीट वळत नाही. खरा फरक वेगळाच आहे. मोटारीचा मूळ प्रेशर होज दाबाखाली थोडा फुगावा अशाच रीतीने बनवलेला असतो, कारण पंपातून तेल ठोके देत बाहेर पडते आणि ते ठोके होजच्या लवचिकपणात जिरतात. काही गाड्यांच्या होजमध्ये त्यासाठी आत आणखी एक बारीक लवचिक नळी बसवलेली असते. जुना होज उभा चिरला की ती हातात येते, आणि कारागीर बहुधा ती कचरा समजून भंगारात टाकतात. तारेचा होज जवळजवळ फुगत नाही, त्यामुळे तो बसवल्यावर चाके वळवताना पूर्वी नसलेली गुणगुण किंवा स्टिअरिंगला हलका कंप जाणवू शकतो. तो जाणवला म्हणून पंप खराब झाला असे समजू नका. आतली नळी निघाली, तर तिच्या टोकांची आणि दिशेची खूण करून ती परत घालता येईल का, हे होज दाबण्यापूर्वी विचारा. ज्या दुकानात खास पॉवर स्टिअरिंगचा होज ठेवतात तिथे तोच मागा. त्यावर एसएई जे 188 असा छाप असतो. थोडे जास्त पैसे पडले तरी माझी पसंती त्यालाच राहील.

जुन्या होजच्या दोन्ही टोकांचे वाकवलेले लोखंडी पाइप जपून ठेवावे लागतात, कारण तशी टोके तयार मिळत नाहीत. जुने टोपण कापून त्या पाइपाला हायड्रॉलिक निपल, म्हणजे नव्या होजच्या आत शिरणारे धातूचे टोक, जोडतात. हा जोड ब्रेझिंगने (पाइप न वितळवता पितळेसारख्या धातूने सांधून) आणि हे काम नेहमी करणाऱ्याकडूनच करून घ्या. शेतीच्या अवजारांचे वेल्डिंग करणाऱ्याने पातळ पाइपाला भोक पाडल्याची उदाहरणे माझ्यासमोर भरपूर आली आहेत. जोडकामानंतर आतली काजळी आणि होज कापताना पडलेला रबराचा चुरा हवेच्या झोताने पूर्ण निघाला पाहिजे, कारण तोच चुरा पुढे पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो. होज दाबल्यावर कारागीर टोपणाचा व्यास व्हर्नियरने मोजतो का, हे उभे राहून पाहा. मोजत नसेल तर दुसरे दुकान गाठा. होज दाब-चाचणीच्या यंत्रावर 150 बारपर्यंत तपासून मागा. ज्यांच्याकडे सोय असते ते त्याला नाही म्हणत नाहीत. लांबी मूळ होजइतकीच ठेवा, तीन अष्टमांश होजचे वळण 130 मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आवळू नका, आणि टोके एकमेकांशी कोणत्या कोनात आहेत याचे फोटो होज काढण्यापूर्वीच घ्या. अशा होजची उष्णता सोसण्याची मर्यादा साधारण 100 अंश असते, म्हणून एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या भागावर उष्णतारोधक स्लीव्ह चढवून आणा.

परतीचा होज वीस वर्षांचा झाला असेल तर तोही याच वेळी बदला. त्याला तेलाचाच, म्हणजे नायट्राइल रबराचा होज हवा. रेडिएटरचा होज त्याच मापाचा मिळतो, म्हणून काही जण तो लावतात. त्याचे रबर पाण्यासाठी असते, ते या तेलाने फुगून लिबलिबीत होते.

बसवताना घाई करू नका. आपल्या भागातल्या पावसाने आणि लाल चिखलाने नट गंजलेले असतात, त्यामुळे आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात, म्हणून नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा फ्लेअर नटचा पाना वापरा आणि समोरची बाजू दुसऱ्या पान्याने धरा. बँजो बोल्ट (ज्याच्या आतूनच तेल जाते असा पोकळ बोल्ट) असेल तर दोन्ही वॉशर आणि ओ-रिंग असेल तर ती नवीनच घाला. टेफ्लॉन टेपचे इथे काहीही काम नाही. नटाचे पहिले आटे बोटांनीच फिरले पाहिजेत. होजवर छापलेली रेघ पिळवटलेली दिसली, तर नट सैल करून होज सरळ करा आणि मग आवळा. गाडीखाली जायचे असेल तर जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

क्वालिसला डेक्सरॉन दोन किंवा तीन प्रतीचे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, चालते. आणखी कोणाकडे जुनी होंडा असेल तर तिला होंडाचेच स्टिअरिंग तेल लागते, हे एटीएफ नव्हे. ब्रेक ऑइल तर कोणत्याही गाडीत चुकूनही घालू नका, सगळी सील निकामी होतात. अशा गाड्यांत सुमारे एक लिटर तेल मावते. दोन लिटर आणले तर जुने काळे तेलही धुऊन निघेल. टाकी भरून पुढची चाके उचलून ठेवा आणि इंजिन बंद असतानाच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवा, मध्ये मध्ये तेल घालत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा थोडे फिरवा. शेवटच्या टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. तेल दुधाळ दिसले तर त्यात हवा मिसळली आहे, इंजिन बंद करून अर्धा तास तसेच राहू द्या आणि पुन्हा सुरुवात करा. टाकी कोरडी असताना पंप चालवला तर तो लवकर जातो, म्हणून गळती चालू असताना गाडी वापरणे आजपासूनच थांबवावे. पंप फिरवणाऱ्या पट्ट्यावर तेल पडले असेल तर तो पुसून भागत नाही, बदलावा लागतो. निघालेले तेल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात द्या, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका.

पहिल्या दिवशी गावातच फिरवा, घाटात नेऊ नका. नंतर थंड इंजिनवर तेलाची पातळी पाहा आणि दोन्ही टोपणांभोवती कोरडा कागद फिरवा. नटापाशी ओल असेल तर वॉशर पुन्हा तपासा. टोपणापाशी ओल असेल, तर ती आवळून थांबणारी नसते. होज काढून ज्यांनी दाबला त्यांच्याकडेच परत न्या.