पीसी बंद केला तर रेकॉर्डिंग थांबतं का?

प्रश्न : गोव्यात मोरजीला आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. आठ सीसीटीव्ही कॅमेरे, एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा रेकॉर्डर). बसवणाऱ्याने रिसेप्शनच्या पीसीवर आयव्हीएमएस-४२०० हे कॅमेरे बघायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. रात्री पीसी बंद केला तर रेकॉर्डिंग थांबेल का? शिवाय आठही कॅमेरे एकदम उघडले की चित्र अडखळतं.

थांबणार नाही. रेकॉर्डिंग एनव्हीआरमधल्या हार्ड डिस्कवर होतं, पीसीवरचं सॉफ्टवेअर ही नुसती खिडकी. खिडकी लावून घेतली म्हणून अंगण कुठे जात नाही. मात्र एनव्हीआर नसताना कॅमेरे थेट पीसीला जोडून त्यावरच रेकॉर्डिंग लावलं असेल, तर पीसी चालूच ठेवावा लागतो.

अडखळण्याचं कारण बहुतेक वेळा मेन स्ट्रीम. प्रत्येक कॅमेरा दोन चित्रं पाठवतो, एक मोठं (मेन स्ट्रीम) आणि एक हलकं (सब स्ट्रीम). आठ चौकटींत सब स्ट्रीम ठेवा, एखादी चौकट मोठी कराल तेव्हाच मेन स्ट्रीम. जुन्या पीसीला एच.२६५ पद्धतीने दाबून लहान केलेलं चित्र उलगडताना धाप लागते, म्हणून सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग (उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) चालू करून बघा.

न विचारता एक सांगतो. रिसेप्शनवरच्या मुलाला ॲडमिनचा पासवर्ड देऊ नका. त्याच्यासाठी फक्त लाइव्ह बघता येईल असा वेगळा युझर करा. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेले पासवर्ड मी इतक्यांदा वाचलेत की आता त्याचं हसूही येत नाही.

प्रश्न : फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवस्थानात जत्रेनंतर फंडपेटी फोडली. पोलिसांनी फुटेज मागितलं, पण पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ जुळत नाही. आता काय करायचं?

सगळ्यात आधी घाई. सेकंदाला चार मेगाबिट पाठवणाऱ्या एका कॅमेऱ्याचं दिवसाला ४३ जीबी होतं. असे आठ कॅमेरे आणि २ टीबीची डिस्क असेल, तर सहाव्या दिवशी पहिल्या दिवसाचं पुसायला सुरुवात होते. समितीची बैठक बोलावून, ठराव करून मग फुटेज काढू म्हणाल तर तोवर चोर डिस्कवरूनही पसार झालेला असेल.

वेळ चुकली म्हणून आत्ता घड्याळ दुरुस्त करू नका. आधी मोबाइलमधली वेळ आणि रेकॉर्डरच्या पडद्यावरची वेळ एकाच फोटोत येईल असा फोटो काढा. फरक कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या. हा फरक बरोबर अडीच तासांचा निघाला तर रोगही कळला: रेकॉर्डरचा टाइम झोन चीनचा, म्हणजे +८:०० वर राहिलाय, आपला +५:३० आहे. फरक वेडावाकडा असेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असू शकते. म्हापशातल्या एका दुकानात पडद्यावर तारीख बुधवारची होती, पण बाहेरच्या रस्त्यावर मिरच्यांच्या माळा, केळीचे घड आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. म्हापशात असा बुधवार असतो होय? तो शुक्रवारचा बाजार होता. वीज गेल्यावर घड्याळ मागे गेलं होतं आणि कुणीतरी घाईत हाताने तारीख घातली होती.

मग सॉफ्टवेअरच्या रिमोट प्लेबॅकमध्ये जा. खरी वेळ नव्हे, चुकलेली वेळ धरून शोधा आणि आधीची-नंतरची पंधरा मिनिटं जास्तीची घेऊन मूळ फॉरमॅटमध्येच एक्स्पोर्ट करा. सोबत त्या कंपनीचा प्लेअरही द्या. पडद्याचं मोबाइलवर केलेलं शूटिंग व्हॉट्सॲपवर पाठवणं म्हणजे पुरावा देणं नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या बोटांचा ठसाच म्हणा) लिहावी लागते. ही हॅश व्हॅल्यू फाइल काढल्या-काढल्याच नोंदवून ठेवा. हे सगळं झाल्यावरच टाइम झोन बदला आणि एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणं) चालू करा.

प्रश्न : आम्ही मुंबईला, गोव्यातल्या साखळी गावचं घर चवथीपुरतं (गणेशचतुर्थीपुरतं) उघडतं. टेक्निशियनने राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायच्या वाटा) उघडून दिले होते. फायबर कनेक्शन घेतल्यापासून इथल्या लॅपटॉपवर काहीच दिसत नाही.

बरं झालं बंद पडलं ते! फायबरवाले बहुधा एकच सार्वजनिक पत्ता कित्येक घरांना वाटून देतात. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर हेच झालंय, आणि मग पोर्ट उघडून उपयोग नाही.

पण पत्ता स्वतंत्र मिळाला तरी उघडू नका. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने लाखभराहून जास्त उपकरणं ताब्यात घेतली. त्यांत डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर) आणि कॅमेरेच भरपूर होते आणि युक्ती काय, तर कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. तुम्ही रेकॉर्डरची क्लाउड सेवा चालू करा आणि सॉफ्टवेअरमध्ये आयपीऐवजी त्या खात्याने लॉगिन व्हा. क्लाउड नको असेल तर घरच्या राउटरवर व्हीपीएन (घरापर्यंतची खासगी, सुरक्षित वाट), पण त्यालाही बाहेरून पोचता येईल असा पत्ता लागतो. चवथीला याल तेव्हा रेकॉर्डरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. लांबून करायला जाऊ नका. मध्येच वीज गेली तर रेकॉर्डर उठणार नाही आणि तुम्ही मुंबईत.

प्रश्न : सत्तरीत कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. पंपाजवळचा कॅमेरा रोज संध्याकाळी ऑफलाइन होतो, सकाळी आपोआप येतो. तीनदा कॅमेरा बदलला.

कॅमेऱ्याचा दोष नाही. सॉफ्टवेअरमधला अलार्म लॉग उघडून ऑफलाइनच्या वेळा बघा. रोज दिवेलागणीलाच जात असेल तर कारण इन्फ्रारेड दिवे. ते पेटले की कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि लांब केबलमधून तेवढी पोचत नाही. पीओईची, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची, मर्यादा १०० मीटर, तीही खऱ्या तांब्याच्या केबलला. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा असतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक रात्र इन्फ्रारेड बंद ठेवा. चित्र काळोखी दिसेल, पण कॅमेरा टिकला तर चौथा कॅमेरा न घेता केबल बदला.