पंचकमिटीचा ठराव पुरेसा नाही: चर्चची जमीन, दान आणि खजिनदाराची सही

प्रश्न: अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या गावात मिशनच्या काळातील चर्च आहे. यंदा पंचकमिटीने (चर्चचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या समितीने) मला खजिनदार नेमले. दानार्पणाचे पैसे पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) आणि आधीचे खजिनदार यांच्या वैयक्तिक संयुक्त खात्यात जमा होतात. कंपाउंडची रस्त्याकडील बाजू एका व्यापाऱ्याला २९ वर्षांच्या भाड्याने द्यायची, असा ठराव झाला असून तीन लाख रुपये अनामतही घेतली आहे. करारावर मी सही करावी, असा आग्रह आहे. धर्मादाय कार्यालयात नोंद असलेल्या पाच विश्वस्तांपैकी चार प्रभूमध्ये निद्रिस्त झाले (वारले) आहेत आणि पाचवे वृद्धापकाळामुळे मुलीकडे पुण्याला असतात. वडील मंडळी म्हणतात की, १९७० साली आपण मोठ्या चर्चमध्ये सामील झालो, तेव्हाच जुनी नोंदणी संपली. मी सही करावी का? उद्या काही झाले तर जबाबदारी माझ्यावर येईल का?

उत्तर: आपण करारावर सही करू नये. पंचकमिटीचा हेतू वाईट आहे, असे मला म्हणायचे नाही. आपल्या पत्रावरून तो सभागृह बांधण्याचा आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, भल्याचाच दिसतो. परंतु ज्या अधिकारात ही सही मागितली जात आहे, तो अधिकार कागदोपत्री आज आपल्याला नाही आणि कमिटीतील इतर कोणालाही नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेची (पब्लिक ट्रस्टची) जी व्याख्या आहे, तिच्यात मंदिर, मठ यांच्याबरोबर चर्चचाही स्पष्ट उल्लेख आहे. एकदा नोंदणी झाली की त्या चर्चचे विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती आणि कारभार कोणत्या घटनेनुसार (नियमावलीनुसार) चालतो, हे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीवरून, म्हणजे ज्याला आपण परिशिष्ट १ म्हणतो त्यावरून ठरते. त्यामुळे आपले पहिले काम वकिलाकडे जाण्याचे नसून, जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून (म्हणजे याच धर्मादाय कार्यालयातून) परिशिष्ट १ चा उतारा आणि नोंदणीच्या वेळी दाखल केलेली घटना यांच्या प्रमाणित प्रती काढण्याचे आहे. अनेक मंडळ्यांमध्ये मूळ घटना कोणीच वाचलेली नसते आणि निवडणुकीची पद्धत केवळ वहिवाटीने चालत आलेली असते; पुढचे बहुतेक वाद तिथूनच उगवतात.

वडील मंडळींच्या म्हणण्याचा आदर राखूनही मला ते मान्य करता येत नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अनेक जुन्या मिशनांच्या मंडळ्या तिच्यात आल्या, हे खरे आहे. मात्र गुजरातमधील ब्रदरन चर्चच्या मालमत्तेचा वाद याच प्रश्नावरून दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि गुजरातेतही तेव्हा हाच मूळ मुंबईचा कायदा लागू होता. २००५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, नोंदणीकृत विश्वस्तव्यवस्थेचे असे प्रश्न या कायद्याखालील अधिकाऱ्यांनीच ठरवायचे आहेत, दिवाणी न्यायालयाने नव्हे. २०१३ च्या निकालात तर, केवळ विलीन होण्याचा ठराव केल्याने जुनी विश्वस्तव्यवस्था संपत नाही आणि तिची मालमत्ता आपोआप दुसऱ्या संस्थेकडे जात नाही, हे स्पष्ट झाले. श्रद्धेच्या आणि उपासनेच्या दृष्टीने आपली मंडळी मोठ्या चर्चचा भाग असू शकते. परंतु जुनी नोंद कायदेशीर रीतीने बदललेली नसेल, तर ती आजही जिवंत आहे आणि तिच्यासोबत येणारी कर्तव्येही जिवंत आहेत.

आता बदल अर्जाकडे वळू. विश्वस्तांमध्ये किंवा मालमत्तेत कोणताही बदल झाला की कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत कळवावा लागतो. आपल्याकडे तो अनेक वर्षे कळवलेला नाही, पण म्हणून दार बंद झालेले नाही. पुरेसे कारण दाखवले आणि कार्यालय ठरवील तो खर्च भरला, तर विलंब माफ होऊ शकतो, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने केली आहे. पुण्यात असलेले पाचवे विश्वस्त हयात आहेत, ही आपल्या बाजूची फार मोलाची गोष्ट आहे. त्यांची प्रकृती साथ देत असताना त्यांच्या सहीने घटनेनुसार रीतसर नोटीस काढून सभा घ्यावी, हजेरीवर सह्या घ्याव्यात, इतिवृत्त त्याच दिवशी लिहावे, आणि दिवंगत विश्वस्तांचे मृत्यूचे दाखले व नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे जोडून बदल अर्ज दाखल करावा. या कामात महिनाभराचीही दिरंगाई करू नये, असे मला मनापासून वाटते. एकही नोंदणीकृत विश्वस्त उरला नाही, तर मंडळीतील हितसंबंधी व्यक्तींना कलम ४७ खाली विश्वस्तांची नेमणूक मागावी लागेल. तो मार्गही उपलब्ध आहे, पण तो अधिक लांबचा आहे.

जमिनीचा प्रश्न याहून नाजूक आहे. कलम ३६ प्रमाणे विश्वस्तव्यवस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे किंवा बक्षीस देणे, तसेच बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्याने देणे, यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. २९ वर्षांचा करार त्या परवानगीशिवाय कायद्याने टिकणार नाही. व्यवहारानंतर परवानगी मिळण्याची सोय कायद्यात आहे, परंतु ती अपवादात्मक परिस्थितीसाठी आहे. तिच्या भरवशावर सही करणे धोक्याचे ठरेल. परवानगी मागताना हा व्यवहार मंडळीच्या हिताचा कसा आहे, भाडे बाजारभावाला धरून आहे का, मूल्यांकन कोणी केले आणि इतर इच्छुकांना जाहीर नोटिशीने संधी दिली होती का, हे सारे दाखवावे लागते. एकाच व्यापाऱ्याशी परस्पर ठरवलेला भाव तिथे टिकणे अवघड आहे.

परंतु या सर्वांआधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहावे. मिशनच्या अनेक कंपाउंडांवर आजही जुन्या मिशनचे किंवा एखाद्या मध्यवर्ती मालमत्ता ट्रस्टचे नाव असते. तसे असेल, तर स्थानिक पंचकमिटीला ती जमीन भाड्याने देण्याचा अधिकारच नाही. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली जमीन) असा शेरा असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्नही उभा राहतो. हे स्पष्ट होईपर्यंत घेतलेले तीन लाख खर्च करू नयेत. माझे मत विचाराल तर ते व्यापाऱ्याला बँकेमार्फत परत करावेत आणि लेखी पोच घ्यावी.

दानार्पणाचे पैसे वैयक्तिक खात्यात ठेवणे तत्काळ थांबवावे. पाळकसाहेबांच्या प्रामाणिकपणाबद्दल आपल्याला शंका नाही, हे आपल्या पत्रातून दिसते. तरीही असे खाते त्यांच्यावरच अन्यायकारक आहे, कारण आयकर विभागाला ते पैसे त्यांचे वाटू शकतात आणि त्यांना काही झाले तर वारसांचा प्रश्न उद्भवतो. चर्चच्या नावाचा पॅन काढून अनुसूचित (शेड्यूल्ड) बँकेत खाते उघडावे आणि दोघांच्या सह्यांनीच पैसे निघतील, अशी व्यवस्था करावी. बँक नोंदणीकृत विश्वस्तांचा उतारा मागेल, म्हणूनही बदल अर्ज आधी हवा. थाळीतील दान उपासनेनंतर दोघांनी मोजून त्याच दिवशी वहीत लिहावे. हिशेब ३१ मार्चला बंद करून त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यावे आणि अहवाल सहा महिन्यांत कार्यालयात द्यावा.

आपण पत्रात ओझरते लिहिले आहे की, कॅनडातील माजी सभासद नाताळात पैसे पाठवतात. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि जे स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतात, त्यांची देणगी विदेशी अभिदान (कायद्याच्या भाषेत परदेशी देणगी) ठरत नाही. ज्यांनी कॅनडाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांचे पैसे मात्र, ते गावी येऊन रुपयांत दिले तरीही, विदेशी अभिदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली येतात आणि नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ते घेणे गुन्हा आहे. अशी प्रत्येक देणगी घेण्यापूर्वी नागरिकत्वाची लेखी माहिती घ्यावी.

जबाबदारीबद्दल आपण विचारले आहे. माझे नाव परिशिष्टावर नाही, म्हणून मी सुरक्षित, असे समजू नये. प्रत्यक्षात कारभार पाहणारी व्यक्तीही कायद्याने व्यवस्थापक ठरते, आणि हलगर्जीपणाने झालेले नुकसान तिच्याकडून भरून घेण्याचा आदेश होऊ शकतो. आधीच्या वर्षांचा दोष मात्र केवळ पद स्वीकारल्याने आपल्यावर येत नाही. त्यासाठी रोकड, पासबुके, पावतीपुस्तके आणि मालमत्तेचे कागद यांची प्रभार यादी करून तिच्यावर आधीच्या खजिनदारांची सही घ्यावी, आणि भाडेकरारास आपला विरोध का आहे, ते पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. कमिटीने तशी नोंद करण्यास नकार दिला, तर तेच म्हणणे नोंदणीकृत टपालाने अध्यक्षांना पाठवून त्याची पोच आपल्याजवळ ठेवावी.