‘पुट ऑफ’ की ‘कॉल ऑफ’?

प्रश्न : अवेळी पावसामुळे आमच्या जत्रेतलं नाटक येत्या शनिवारवर गेलं. मी मुंबईच्या पाहुण्यांना इंग्रजीत कळवलं, ‘द प्ले इज कॉल्ड ऑफ’. त्यांनी तिकिटं रद्द केली! काय चुकलं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पाहुण्यांनी बरोबरच वाचलं हो. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्दच. पुढे ढकलणं म्हणजे ‘पुट ऑफ’. अर्जात किंवा सूचनाफलकावर ‘पोस्टपोन’ अधिक शोभतं, घरात ‘पुट ऑफ’. ‘डिले’ मात्र वेगळं. चोडणची फेरीबोट उशिरा सुटली तर ती ‘डिलेड’. तिची वेळ कुणी ठरवून बदललेली नसते.

वर्गात मला सर्वांत जास्त खोडावं लागलेलं वाक्य म्हणजे ‘आय पुट ऑफ टु गो’. तिथे ‘गोइंग’च हवं. तसंच ‘पुट इट ऑफ’ म्हणा, ‘पुट ऑफ इट’ नव्हे.

याच शब्दाला दुसराही अर्थ आहे, आणि तो मला फार आवडतो : मन उडणं. परवा खारा बांगडा चुलीत भाजला. वास घरभर झाला आणि पुण्याहून आलेला नातू भरल्या ताटावरून उठला. ‘द स्मेल पुट हिम ऑफ.’ इथे ‘पोस्टपोन’ घालून बघा, वाक्यच मोडतं.

तुम्ही आजच कळवा : ‘द प्ले हॅज बीन पुट ऑफ टिल सॅटरडे.’ ‘टिल’ आणि वार गाळू नका. पाहुणे त्यावरूनच नवी तिकिटं काढतील.