वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यात तापणारी एसएसडी

प्रश्न : माडीवरच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आम्ही सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू ठेवतो. घरचे फोटो आणि दुकानाचे हिशेब त्यातल्या एम.२ प्रकारच्या एनव्हीएमई एसएसडीवर (मदरबोर्डावर थेट बसणाऱ्या, चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हवर) आहेत. मे महिन्यात दुपारचा बॅकअप सुरू झाला की तिचे तापमान ७२ अंशांवर जाते आणि वेग एकदम घसरतो. ड्राइव्ह खराब होईल का? हीटसिंक (उष्णता ओढून हवेत सोडणारी धातूची पट्टी) घ्यावे की खोलीत कूलर लावावा?
– एक वाचक, परभणी

उत्तर : घाबरण्याचे कारण नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही हे नाही. घरगुती वापराच्या बहुतेक एनव्हीएमई ड्राइव्हसाठी उत्पादक ० ते ७० अंश सेल्सिअस ही मर्यादा देतात आणि त्याहून अधिक तापू लागल्यावर ड्राइव्हमधला कंट्रोलर, म्हणजे तिचे काम चालवणारी चिप, स्वतःच वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. आपल्या ड्राइव्हचे नेमके इशारा-तापमान किती, हे ड्राइव्हची प्रकृती तपासणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ या संगणकीय आज्ञेच्या अहवालात बहुधा दिसते. त्याच अहवालात इशारा-पातळीच्या वर एकूण किती मिनिटे गेली याचीही नोंद असते. ती मिनिटे आठवड्यागणिक वाढत असतील, तरच तातडीने हालचाल करावी.

मात्र वेग घसरण्याचा दोष लगेच उष्णतेला देऊ नये. अनेक स्वस्त ड्राइव्ह आलेली माहिती आधी एका वेगवान राखीव भागात लिहून घेतात आणि मोठी कॉपी चालू असताना तो भाग भरला की, ड्राइव्ह थंड असली तरी, वेग कोसळतो. हाच बॅकअप एकदा पहाटे चालवून पाहावा. तापमान ५५ अंशांच्या आत असूनही तेवढाच डेटा लिहून झाल्यावर वेग पडला, तर हीटसिंकवर केलेला खर्च वाया जाईल.

दोष उष्णतेचाच निघाला, तर ७२ या आकड्यापेक्षा खोलीचे तापमान आणि ड्राइव्हचे तापमान यांतील फरकाकडे पाहावे. स्लॅबखालची खोली ४० अंशांवर असेल, तर तुमचा फरक ३२ अंशांचा आहे आणि संगणकाच्या पेटीच्या आत जे काही करता येईल, ते या ३२ अंशांतच करता येईल, कारण कोणतेही हीटसिंक ड्राइव्हला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून माझ्या मते पहिला खर्च हवेवर करावा. पुष्कळ मदरबोर्डांवर एम.२ची जागा ग्राफिक्स कार्डाच्या खाली, कोंडलेल्या हवेत असते. सर्व्हरला त्या कार्डाची गरज नसेल तर ते काढून टाकावे आणि समोरून १२० मिलिमीटरचा एक पंखा मंद गतीने ड्राइव्हच्या दिशेने लावावा. त्यानंतर हीटसिंक बसवायचे असेल, तर थर्मल पॅडवरची (ड्राइव्ह आणि हीटसिंक यांच्या मध्ये बसणाऱ्या मऊ गादीवरची) प्लास्टिकची पातळ पट्टी आठवणीने काढावी आणि पॅड कंट्रोलरच्या चिपला नीट टेकतो आहे याची खात्री करावी. ड्राइव्हवरचे लेबल सोलू नये. त्याने वॉरंटी जाऊ शकते आणि काही लेबलांत तर उष्णता पसरवणारा तांब्याचा पातळ थर असतो. या सगळ्याआधीचा बिनखर्चाचा उपाय म्हणजे बॅकअपची वेळ पहाटे चार-पाचच्या सुमारास ठेवणे. दुपारीच तो का ठेवावा, याचे कारण मला तरी दिसत नाही.

कूलरविषयी सांगायचे, तर मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो खोलीचे तापमान खरोखर उतरवतो, आणि खोली जितकी उतरते साधारण तितकीच ड्राइव्हही उतरते. परंतु त्याचा झोत थेट सर्व्हरवर सोडू नये. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत गेले तर ते वाळून बोर्डावर क्षारांचा थर राहतो. समोरची खिडकी उघडी ठेवावी आणि पावसाळा लागला की कूलर बंद करावा, कारण दमट हवेत त्याचा उपयोग उरत नाही आणि ओल मात्र वाढते. आणखी एक अडचण लक्षात ठेवावी : वीज गेली की कूलर थांबतो, पण इन्व्हर्टरवरचा सर्व्हर बंद खोलीत तापतच राहतो. अशा वेळी मोठी कामे आपोआप थांबतील, अशी व्यवस्था करून ठेवावी.

प्रश्न : बॅकअपची एक एसएसडी पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात वर्षभर तशीच ठेवली तर चालेल का?
– एक वाचिका, जालना

उत्तर : तिथे ठेवू नये. चिप आणि मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेईडीईसी या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने, लेखनाचे ठरलेले आयुष्य (एकूण किती माहिती लिहिता येईल ती मर्यादा) संपल्यावरही, विजेविना ३० अंशांत १ वर्ष माहिती टिकवणे अपेक्षित असते. साठवणीची जागा जितकी उष्ण, तितका हा काळ घटतो. नवी, कमी वापरलेली ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक टिकते, तरीही पत्र्याखालच्या उष्णतेत ती ठेवण्याचे प्रयोजन नाही. खालच्या मजल्यावरच्या थंड कपाटात ठेवावी, दर तीन-चार महिन्यांनी जोडून फाइली वाचून तपासाव्यात आणि वर्षानुवर्षे जपायच्या फोटोंची आणखी एक प्रत साध्या हार्ड डिस्कवर काढावी.