इंग्लिश गुलाबाच्या फांद्या नुसत्याच वाढतात, फुलं टोकाला दोन-तीनच. सगळं झुडूप जमिनीलगत छाटू का?

तुम्ही लिहिलंय की 'ग्रॅहम थॉमस' हा इंग्लिश गुलाब लावून दोन वर्षं झाली, फांद्या डोक्याच्या वर गेल्या, फुलं येतात ती फक्त शेंड्याला आणि तीही मान खाली घालून. कुणीतरी वीतभर खुंट ठेवून सगळं छाटायला सांगितलंय, आणि ते जमलं नाही तर उपटून टाकायचं तुमच्या मनात आहे.

छाटू नका. निदान तशी छाटणी तर अजिबात नको.

मी नेमकं तेच केलं होतं. माझ्याकडे आधी सगळे हायब्रीड टी, म्हणजे सरळ दांड्यावर एकेक मोठं फूल देणारे गुलाब होते. त्यांना कडक छाटणी मानवते, म्हणून पहिल्या इंग्लिश गुलाबालाही, 'गोल्डन सेलिब्रेशन'ला, तोच न्याय लावला. बुंध्यापासून तीन जाडजूड धुमारे निघाले, प्रत्येक माझ्याहून उंच, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक घोस. मधली सगळी फांदी रिकामी. पुढच्या वर्षी चिडून पुन्हा कडक छाटलं, पुन्हा तेच झालं. झाडाचं काही चुकत नव्हतं. मी झुडपाला हायब्रीड टी समजत होते.

ह्या गुलाबांचं घराणं समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या डेव्हिड ऑस्टिन यांनी 'बेल इसिस' हा गॅलिका नावाच्या जुन्या झुडपी प्रकारातला गुलाब आणि 'डेंटी मेड' हा फ्लोरिबंडा, म्हणजे घोसाने फुलणारा गुलाब, यांचा संकर केला. त्यातून आलेला 'कॉन्स्टन्स स्प्राय' 1961 मध्ये बाजारात आला. फूल वाटीसारखं भरगच्च, सुवास अप्रतिम, पण बहर वर्षातून एकदाच. मग वारंवार फुलणाऱ्या गुलाबांशी पुन्हा पुन्हा संकर करत त्यांनी ही जात पुढे नेली. 1983 च्या लंडनमधल्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात 'ग्रॅहम थॉमस' आणि 'मेरी रोझ' लोकांसमोर आले आणि इंग्लिश गुलाब घरोघर पोचले. म्हणजे तुमच्या झाडाच्या अंगात जुन्या झुडपी गुलाबांचं रक्त आहे. त्यांची रीतच अशी, की फांदी लांब वाढते, स्वतःच्या भाराने कमानीसारखी वाकते आणि मग त्या कमानीच्या पाठीवर जागोजाग फुलते.

इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. फांदी सरळ उभी असते तोवर तिच्या टोकाचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, खालच्या सगळ्या डोळ्यांना दाबून ठेवतो. ती आडवी केली की ही दडपणूक सुटते आणि जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून आखूड फुटवा येतो. फुलं ह्या आखूड फुटव्यांवर लागतात. म्हणून तुमच्या त्या उंच फांद्या म्हणजे पुढच्या बहराचं भांडवल आहे. त्या कापल्या तर झाड मुळांत साठवलेली सगळी ताकद पुन्हा तसेच धुमारे काढण्यात घालवेल, आणि तुम्ही पुन्हा तिथेच येऊन उभे राहाल.

वाकवायचं कसं? झाड विश्रांतीत असताना, नवे कोंब फुटायच्या जरा आधी, लवचीक फांदी निवडा. शेंडा धरून ओढू नका. तळाकडून थोडं थोडं वळण देत या. एका दिवसात होत नसेल तर आज अर्धी वाकवून बांधा, आठवड्याने आणखी. जमिनीत खुंटी ठोकून मऊ सुतळीने सैल बांधलं तरी चालतं, किंवा कुंपण असेल तर पंख्याच्या काड्यांसारख्या फांद्या दोन्ही बाजूंना पसरवा. उबदार हवेत 'ग्रॅहम थॉमस' सहज अडीच-तीन मीटर वाढतो, आणि वेल म्हणूनही तो लावतात. जागा असेल तर मी त्याला वेलच करेन. माना टाकणाऱ्या फुलांची तुमची तक्रारही तिथे आपोआप मिटते, कारण फूल डोक्याच्या वर असलं की ते खाली वाकलेलंच हवं असतं.

तसंही माना टाकणं हे बऱ्याच अंशी वयाचं लक्षण आहे. पाकळ्यांनी भरगच्च असलेलं फूल पहिल्या दोन वर्षांच्या बारीक देठांना पेलत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फांद्या जून आणि जाड होतात, तेव्हा फरक दिसतो. मात्र नत्राचं खत जास्त होत असेल तर ते आधी थांबवा. त्याने पालेदार, लुसलुशीत, मऊ वाढ होते आणि फूल आणखी लोंबतं. कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट बुंध्यापासून थोडं लांब, चार-पाच सेंटिमीटर जाडीचं पसरलंत तर तेच आच्छादनाचंही काम करतं. पहिला बहर ओसरल्यावर एकदा संतुलित खत द्या. एवढं पुरे.

छाटणी करायचीच नाही असं मी म्हणत नाही. मेलेल्या, घासणाऱ्या आणि पेन्सिलीहून बारीक काड्या काढा. वाकवलेल्या फांद्या सोडून उरलेल्या झुडपाची उंची एक तृतीयांश, फार तर निम्मी कमी करा. झाड चार-पाच वर्षांचं झालं की दरवर्षी सगळ्यांत जुनी एखादीच फांदी बुंध्यापासून काढायची, म्हणजे नव्याला जागा मिळते. हंगामात सुकलेली फुलं मात्र नियमित खुडत राहा. देठाखालच्या पहिल्या चांगल्या भरलेल्या पानापर्यंत कापलं की पुढचा फुटवा लवकर येतो.

आता दोन गोष्टी तपासा, कारण लांबलचक वाढीची कारणं आणखीही असतात. पहिली म्हणजे ऊन. रोज निदान चार-पाच तास थेट ऊन मिळत नसेल तर झाड प्रकाशाच्या शोधात उंच होतं आणि फुलं कमी देतं. सकाळचं ऊन सर्वांत चांगलं. दुपार कडक असेल तर ह्या नाजूक पाकळ्या कडेने करपतात, म्हणून दुपारी हलकी सावली आली तर ती चालते, उलट फायद्याचीच असते.

दुसरी गोष्ट, ती फांदी कुठून निघाली आहे ते बघा. इंग्लिश गुलाब बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून, म्हणजे कलम करून, तयार करतात. जोडाच्या खालून फूट आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे रानफूट, आणि ती झाडाचं सगळं सत्त्व ओढून घेते. 'सात पर्णिकांचं पान म्हणजे रानफूट' हा नियम तुम्ही ऐकला असेल. इंग्लिश गुलाबांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका, कारण त्यांच्या स्वतःच्या फांद्यांवरही सात पर्णिकांची पानं येतात. त्या नियमापायी मी एक चांगली फांदी गमावली आहे. माती बाजूला करून जोड पाहणं हाच खरा उपाय. रानफूट निघाली तर ती न कापता मुळाशी धरून ओढून काढा. कापलेल्या ठिकाणाहून ती पुन्हा फुटते.

पानांवर काळे ठिपके आहेत का ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्यासारख्या पिवळ्या गुलाबांना त्यांचा त्रास पूर्वापार आहे, म्हणून सांगून ठेवते. ह्या बुरशीचे बीजाणू रुजायला पान सलग सात तासांच्या आसपास ओलं राहावं लागतं. म्हणून पाणी सकाळी, बुंध्याशी आणि सावकाश, माती खोलवर भिजेल असं द्या. संध्याकाळी पानांवर फवारा नको. गळलेली ठिपक्यांची पानं तिथेच कुजू न देता वेचून टाका. मधल्या फांद्या मोकळ्या ठेवल्या की वारा खेळतो, आणि माझ्या अनुभवात निम्मा त्रास तेवढ्यानेच कमी झाला.

एवढं करूनही झुडूप विरळ वाटलं तर आणखी दोन रोपं त्याच जातीची, 45 सेंटिमीटरवर, त्रिकोणात लावा. तिन्ही मिळून काही वर्षांत एकच भरगच्च झुडूप दिसतं. आणि शेवटी उपटायचंच ठरवलंत, तर त्याच खड्ड्यात नवा गुलाब लगेच लावू नका. जिथे गुलाब वाढलेला असतो त्या मातीत नवं रोप अनेकदा खुंटतं. दीड फूट रुंद आणि तितकीच खोल माती बदला, नाहीतर जागा बदला.

पण त्याआधी एक बहर थांबा. सगळ्या फांद्यांवर विश्वास बसत नसेल तर निदान दोन लांब फांद्या आडव्या बांधा, एक तशीच उभी ठेवा. कोंब फुटायला लागले की तिन्हींवरचे मोजा.